शिशाच्या सहा विटा

माझ्या घरात ज्वारीच्या कणगीशेजारी शिशाच्या सहा विटा सत्तावीस वर्षं होत्या. त्या खोट्या आहेत हे मला गेल्या वर्षी कळलं. शिसं खोटं कसं असेल, असं कुणी विचारील. मीही तेच विचारलं होतं.

आमचे मालक सोलापुरात एका गिरणीत फिटर होते. गिरणीतल्या पाण्याच्या लाइनी त्यांच्याकडे होत्या. लाइन इंग्रजांच्या वेळची, बिडाच्या जाड पाइपांची. एका पाइपाचं तोंड दुसऱ्याच्या फुगीर तोंडात बसवायचं, मधल्या फटीत ताग ठासायचा आणि वरून वितळलेलं शिसं ओतायचं. गार झालं की छिन्नी लावून ठोकत बसायचं. शिसं मऊ असलं तर छिन्नीखाली पसरतं आणि सांधा धरतं. कडक असलं तर पसरत नाही, सांधा गळतो. हे मला तोंडपाठ आहे, कारण लग्नानंतर चाळीस वर्षं जेवताना मी दुसरं काही ऐकलं नाही.

गिरणी बंद पडली. लोखंड एका भंगारवाल्यानं घेतलं. पाइप उपसायला त्यानं मालकांनाच बोलावलं आणि मजुरीच्या जागी फुटलेल्या सांध्यांतलं शिसं देऊन टाकलं. जे पाइप धड निघाले ते माझ्या दिरानं होटगीच्या शेतासाठी नेले, विहिरीपासून वरच्या तुकड्यापर्यंत लाइन टाकायला. दिराचं बॅटऱ्यांचं दुकान होतं. शेतही तोच कसायचा, दोघा भावांचं मिळून.

मालकांनी शिसं अंगणात वितळवलं. मी भाता मारला. बेकरीतून पावाचे जुने डबे आणले होते, ते उन्हात दोन दिवस वाळवले. डब्यात पाण्याचा थेंब राहिला तर शिसं उसळून डोळ्यात जातं. डबे अर्धे अर्धे भरले, सहा विटा झाल्या. वरची साय धरते ना धरते तोवर मी माझ्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण प्रत्येकीवर दाबलं. पितळी झाकण, त्यावर आठ पाकळ्यांचं उठावाचं फूल. लवकर दाबलं तर झाकण बुडतं, उशीर केला तर उठत नाही. पाच फुलं नीट उठली. सहाव्या वेळी चटका बसून हात सरकला आणि फुलावर फूल पडलं, जोड. मालक हसले.

"एक तरी बिघडवलीसच," म्हणाले.

"माजी हाय, मी बिघडवीन," मी म्हणाले.

तेव्हाच मी त्यांना एक गोष्ट बजावली. सासूबाई दोन वर्षं माझ्या घरात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं हगणंमुतणं मी काढलं. शेत खाणारा धाकटा दीर त्या दोन वर्षांत चार वेळा आला, तेही आमच्याकडं जेवायला काय आहे ते बघून. मी म्हणाले, "माज्या घरातला खिळासुद्धा त्या शेतात जाता कामा न्हाय. हे शिसं तर न्हायच न्हाय."

"न्हाय जानार," मालक म्हणाले. "तुला कदी दागिना केला न्हाय. ह्योच तुजा दागिना समज."

मला दागिन्याची हौस नव्हती. पण माझी म्हणावी अशी घरात दुसरी वस्तू नव्हती, म्हणून मी ते मानलं.

त्याच साली मोहोळला दिलेल्या लेकीला दिवस होते. सातव्या महिन्यात डॉक्टरनं हलायचं नाही असं सांगितलं, म्हणून पहिलं असूनही बाळंतपण तिच्या सासरीच झालं. मी दोन महिने तिथं राहिले. मुलगी झाली. परत आले तेव्हा घरात पीठ सांडलेलं, तवा जळलेला, आणि विटा जागच्या जागी, तीनावर तीन.

तेव्हापासून दर खंडेनवमीला मी पाटावर मालकांची छिन्नी, हातोडा आणि मागं सहा विटा मांडायची. हळद-कुंकू, फुलं, नारळ. मालक गेले त्यालाही आता नऊ वर्षं झाली. ते गेल्यावरही मांडायची.

मोहोळला जन्मलेली ती नात शिकली. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, तिची आई बारावी झाली, आणि ही इतकी शिकली की काय शिकते ते सांगायला तिला अर्धा तास लागायचा. दूर एका प्रयोगशाळेत असते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली तेव्हा मी तिला म्हणाले, "पोरी, शेजारच्या बाया विचारतात. मला कळेल असं एकदा सांग, तू करतेस काय?"

ती म्हणाली, "आजी, काही अणू आपोआप फुटतात. आम्ही ज्या फुटण्याची वाट बघतोय ते इतकं क्वचित आहे, की तसं होतं की नाही हेच कुणाला नक्की ठाऊक नाही. ढीगभर माल ठेवून वर्षभर बसलं तर एखादा दिसेल. नाहीतर नाहीच."

"मग बसा की. त्यात काय एवढं?"

"बसतोच. पण भोवतालचं सगळं त्याच वेळी टिकटिक करत असतं. भिंतीतला दगड, माती, हवा, केळं. तुझी हाडंसुद्धा."

"माजी हाडं कुरकुरतात ते मलाबी ठाव हाय."

ती हसून लोळली. मग म्हणाली, "त्या गोंगाटात आमचा एक आवाज ओळखायचा कसा?"

हे मला लगेच कळलं. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना टॉवेलचे यंत्रमाग आहेत. दिवसभर खटखट. कणगीत उंदीर शिरला तर माग चालू असताना पत्ता लागत नाही. लाईट गेली, माग थांबले, की कुरतडणं ऐकू येतं. मी तिला ते सांगितलं.

"तेच," ती म्हणाली. "आम्हाला तेवढी लाईट घालवायचीय. म्हणून जमिनीखाली बसतो, आणि भोवती शिशाची भिंत घालतो. बाहेरचा आवाज शिसं अडवतं. पण गंमत बघ, शिसं स्वतःच कुरकुर करतं. खाणीतून काढून नवं गाळलेलं शिसं सगळ्यात जास्त. त्याची कुरकुर बावीस वर्षांत निम्मी होते, पुढच्या बावीसांत त्याच्या निम्मी. म्हणून जगभर जुनं शिसं शोधतात. शंभर वर्षांपूर्वीचं मिळालं तर सोन्याहून बरं. ते अगदी आत लावायचं, मालाच्या अंगाला अंग."

मी उठले आणि कणगीपुढचं पोतं बाजूला सारलं.

"हे घे," म्हणाले. "इंग्रजांच्या वेळचं. तुज्या आजोबांनी माज्या डोळ्यांदेखत वतलंय."

ती विटांपुढं उकिडवी बसली. हात लावू का, असं तिनं मला विचारलं. माझ्या घरातल्या वस्तूला हात लावायची कुणी परवानगी मागितल्याची ती पहिलीच वेळ.

तिनं तिच्या सरांना फोन केला. त्यांनी आतल्या भिंतीत सहा विटांची जागा मोकळी ठेवली. उन्हाळ्यात भिंत बंद करायची होती, आणि एकदा बंद केली की दोन-तीन वर्षं उघडायची नाही. तिनं मला चारदा विचारलं, "आजी, नक्की ना? मी सगळ्यांना सांगून बसलेय."

"नक्की," मी चारही वेळा म्हणाले.

न्यायच्या आदल्या दिवशी मी सहाही विटा अंगणात घेऊन राखेनं आणि चिंचेनं घासल्या. इतक्या वर्षांचं कुंकू खपलीसारखं निघालं. खाली सहाच्या सहा फुलं स्वच्छ, आठही पाकळ्या मोजून घ्याव्यात अशी. मला आपल्या हाताचं कौतुक वाटलं. नात बाहेर आली आणि किंचाळली.

"राखेनं? आजी, राख तर केळ्यापेक्षा वाईट!"

"मग काय तसल्या मळक्या देऊ तुज्या सायबाला?"

"वरचं आम्ही धुऊन काढू. पण आता बाई हात लावू नकोस."

नमुन्याला तिनं एकच वीट नेली. तिचा कोपरा कापून तीन आठवडे जमिनीखालच्या यंत्रात ठेवला. मग फोन करायच्या ऐवजी ती स्वतःच आली. दारात चप्पल काढतानाच मला कळलं की हिला काहीतरी वाईट सांगायचंय. बाईमाणूस चांगली बातमी चप्पल पायात असतानाच सांगतं.

"आजी, ते जुनं नाही."

"काय जुनं न्हाय?"

"शिसं. लई बोलतंय ते. आणि त्यात अँटिमनी निघालंय. शिसं कडक करायला घालतात, ट्रकच्या बॅटरीत असतं तसं. हे बॅटऱ्यांचं शिसं आहे गं."

मी आत गेले आणि राहिलेल्या पाचांतल्या एकीला अंगठ्याचं नख लावलं. उमटलं नाही. जोर लावला तर नख तुटलं. सांध्याच्या शिशात नखाची रेघ पडते. हे मला लग्नाच्या वर्षापासून ठाऊक होतं. पण सत्तावीस वर्षांत मी कधी नख लावलं नव्हतं. जिला कुंकू लावतो त्या वस्तूला कुणी नख लावून बघत नाही.

बॅटऱ्या म्हणजे कोण, ते मला कुणी सांगायला नको होतं. मालक गेल्यावर तेराव्यापर्यंत दीर-जाऊ माझ्या घरात राहिले होते. मी नातीला म्हणाले, "तू बस. मी होटगीला जाऊन येते."

"मी येते."

"नको. मला शिव्या द्यायच्या हायत."

दीर ओसरीवर खुर्चीत बसून पेपर वाचत होता. त्याला आता धड ऐकू येत नाही, पण हवं ते येतं.

"या की वैनी! आज वाट चुकला व्हय?"

"वाट बरोबर हाय. भावजी, माज्या विटा कुटं हायत?"

"विटा?" त्यानं आत हाक मारली, "अगं ऐकलं का, वैनीनं या वयात भट्टी काढली!"

जाऊ पाणी घेऊन आली. म्हणाली, "भट्टी न्हाय तर काय. तोंड बघा की किती तापलंय."

"शिशाच्या विटा," मी म्हणाले. "तुमच्या दादाचं मढं उचललं आणि तुमी माज्या घरातनं शिसं उचललं. बॅटरीचा गाळ ठिवला तितं. तपासात निघालंय. सरकारी यंत्रात."

सरकारी म्हटल्यावर तो सावरून बसेल असं मला वाटलं होतं. तो उलट सैलावला. चष्मा काढून पेपरावर ठेवला.

"असं हाय व्हय," म्हणाला. "वैनी, शांतपनी ऐका. त्या विटांवर फूल हाय का न्हाय?"

"हाय."

"ते फूल कशानं उठवत्यात?"

मी पायरीवर टेकले.

"मला काय ठाव तुमच्या करंड्याचं झाकन कसं असतंय? मी कदी तुमच्या देवळीला हात लावलाय? दादानं आनलं हुतं झाकन, खिशात घालून. हितं, ह्या अंगनात वतल्या त्यानं विटा. माज्या दुकानातलं शिसं, पावाचं डबं त्याचं. तुमी मोहोळला हुता, पोरीच्या बाळंतपनाला. पाइप जोडायचं हुतं, आन माजं शिसं कडक, सांधं गळाय लागलं. दादा म्हनला, माज्याकडं मऊ हाय."

"मी सांगितलं हुतं त्यास्नी, त्या शेतात न्हाय जायचं म्हणून."

"तेबी सांगितलं त्यानं. म्हनला, तिला इचारलं तर ती न्हाय म्हनंल. न इचारता दिलं तर तिला कळायचं न्हाय." दिरानं मान हलवली. "आन कळलं न्हायच की तुमास्नी. लई हुशार हुता दादा."

जाऊ म्हणाली, "वैनी, च्या टाकते. साखर कमी का?"

मी चहा प्यायले. साखर जास्त होती.

घरी आले. नात दारातच उभी होती. मी तिच्याशी न बोलता पाचही विटा एकेक करून उजेडात आणल्या, आणि तिनं परत आणलेली कोपरा कापलेली सहावी. फुलं बघत गेले. एक, दोन, सहा. सहाही नीट. फुलावर पडलेलं जोडफूल कुठंच नव्हतं. घासताना सहाही नीट फुलं माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी आपल्या हाताचं कौतुक करत बसले होते. माझा हात सरकला होता, त्यांचा सरकला नाही. त्यांनी सावकाश, साय धरायची वाट बघत, सहा वेळा झाकण दाबलं असणार. मला फसवायचं काम त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं केलं होतं.

मग ती खंडेनवमी आठवली, मोहोळहून आल्यानंतरची पहिली. मी कुंकू लावत होते आणि मालक शेजारी बसून नारळ सोलत होते. "दागिन्याला नीट लाव," म्हणाले होते. म्हणजे ते तोंडावर म्हणाले होते. पुढं अठरा वर्षं दर खंडेनवमीला तो माणूस त्या पाटापुढं बसला, हात जोडले, प्रसाद खाल्ला.

विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, हे खरं. भांडले असते, आठ दिवस बोलले नसते. त्यांना ते आठ दिवस नको होते.

नात रडत होती. मी तिला म्हणाले, "तू कशाला रडतीस? तुज्या कुंकवाचा काय संबंद?"

"आजी, ते जाऊ दे. पण आता मी सरांना काय सांगू? जागा सोडून बसलेत ते."

तिचंही खरं होतं. मी चार वेळा नक्की म्हणाले होते. मेलेल्या माणसाशी भांडायला मला पुढं वेळ होता, भिंत मात्र उन्हाळ्यात बंद होणार होती. मी तिला विचारलं, "शिसं जमिनीत पुरलेलं असलं तर बिघडतं का?"

"नाही. उलट बरं."

"सांध्यात असलं तर? एकदा वितळवून परत वतलेलं?"

"नवं त्यात मिसळलं नसेल तर काही होत नाही." मग तिच्या लक्षात आलं. "आजी!"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी होटगीला गेलो. मी दिराला म्हणाले, "ती लाइन उपसायची हाय." तो विरोध करील म्हणून मी रात्रभर बोलणं जुळवून ठेवलं होतं. तो म्हणाला, "न्या की. पलास्टिकचा पाइप टाकून धा वर्सं झाली. बांधाच्या कडंनं हाय, पिकाला धक्काबी न्हाय. मागितलं असतं तर तवाच दिलं असतं." जुळवलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं. इतकं सोपं होतं ते. एक भाऊ मागितल्यावर देत होता आणि दुसऱ्यानं न मागता नेलं होतं.

दोन गडी लावून बांध उकरला. कमरेइतका चर. पाइप गंजून लाल झाले होते. गड्यानं घणानं फुगीर तोंड फोडलं, आणि आतून शिशाचं कडं निघालं, मातीनं पांढरं पडलेलं. त्यावर छिन्नीचे ठोके होते, जवळ जवळ, एकसारखे. तसे ठोके दुसऱ्या कुणाचे नसतात. ते मी ओळखले, आणि ओळखायला नको होते असं वाटलं. मी अंगठ्याचं नख लावलं. रेघ पडली.

दीर बांधावर उभा होता. "बगा, एक सांधा गळला न्हाय," म्हणाला.

"भावजी, आता गप बसा," मी म्हणाले. तो बसला.

बारा सांधे निघाले. कडी गोणीत भरली. ह्या वेळी मी राख लावली नाही.

नातीनं तिकडं नमुना ठेवला. दिवस मोजायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. पंचविसाव्या दिवशी दुपारी, माग ऐन भरात चालू असताना, तिचा फोन आला. मी मोरीत जाऊन दार लावलं, तेव्हा कुठं ऐकू आलं.

"आजी, गप्प आहे. एकदम गप्प. यंत्र बंद पडलं की काय म्हणून सरांनी दोनदा तपासलं."

"बरं झालं."

"आजोबांनी चांगलंच सांभाळलं म्हणायचं."

मी मोरीतला गळका नळ घट्ट केला. मग ती हळूच म्हणाली, त्या सहा विटासुद्धा लागतील. भिंतीच्या बाहेरच्या थरात बोलकं शिसं चालतं, बाहेरच्याचा आवाज आतलं अडवतं. देशील का? मी म्हणाले, टेम्पो पाठव, आजच पाठव. कणगीशेजारची जागा रिकामी झाली. तिथं आता चपट्या दगडावर पोतं ठेवलंय.

भिंत बंद करायच्या दिवशी तिनं फोनवर फोटो पाठवला. आतल्या थरात ती कडी गाळून केलेल्या नव्या विटा, गुळगुळीत, बिनफुलाच्या. कुठला माल कुठून आला त्याचा कागद ते लोक लावतात. आतल्या थराच्या कागदावर तिनं लिहिलं होतं, 'आजीचं शिसं'.

मी लगेच फोन केला.

"ते खोड."

"अगं, पण तूच तर दिलंस!"

"मी न्हाय दिलं. माज्याकडनं नेलं. तितं लिही, होटगीच्या शेतातलं. खरं लिहायचं असतं ना तुमच्यात?"

मग पेनाचा आवाज आला.

"आणि बाहेरच्या सहा?" तिनं विचारलं. "त्यांच्यावर काय लिहू? फुलाच्या विटा?"

"त्यांच्यावर तुज्या आजोबांचं नाव घाल," मी म्हणाले. "पुरं नाव घाल."